उभ्यानं खाल्लेलं

आलापल्लीच्या सागवान डेपोत त्या वर्षी दोन गोष्टी फुगल्या. एक लाकडाची थप्पी आणि दुसरे दादाजी नाकेदार. थप्पीचं कारण कागदोपत्री होतं: आवक जास्त, उचल कमी. नाकेदारांचं कारण कुठल्याच कागदात सापडेना.

सत्तावन साल सरत आलं होतं. वर्षापूर्वी आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. आम्ही कुणी जागचे हललो नव्हतो, पण गेलो होतो हे नक्की, कारण तसं पत्र आलं होतं. मी डेपोत कारकून होतो, पत्रं माझ्याकडेच येत. माझं टेबल खिडकीशी होतं. खिडकीतून नाका दिसे, नाक्याचा खांब दिसे आणि खांबाला टेकून उभे असलेले दादाजी नाकेदार दिसत. पूर्वी ते खांबामागे उभे राहिले की सापडत नसत, असं जुने लोक सांगायचे. मी पाहिले तेव्हा ते खांबाच्या दोन्ही बाजूंनी उरत होते.

जंगलखात्यातली सगळ्यात खालची खाकी म्हणजे नाकेदार. दादाजींनी ती एकोणीस वर्षं बीटावर, म्हणजे नेमून दिलेल्या जंगलाच्या गस्तीवर, वागवली होती. रोज दहा-बारा मैल पायी. झोपेत चालले तरी बीट चुकणार नाहीत, अशी त्यांची ख्याती. मग दोन वर्षांपूर्वी त्यांना डेपोच्या नाक्यावर आणलं. काम एवढंच: ट्रक आला की पास पाहायचा, आडवा बांबू वर करायचा, ट्रक गेला की बांबू खाली करायचा. बांबूला दुसऱ्या टोकाला दगड बांधलेला असल्याने तोही बहुतेक स्वतःच वर जाई.

नाक्यासमोर लच्छूचं दुकान होतं. लच्छू पूर्वी माजरीच्या कोळसाखाणीवर होता. तिथे एक पाळी वर यायची, दुसरी खाली उतरायची आणि मधल्या दहा मिनिटांत दोनशे माणसांच्या हातात काहीतरी गरम पडायला हवं असायचं. ती विद्या घेऊन तो आलापल्लीला आला. इथे मोटारही दहाच मिनिटं थांबते, हे त्याने पाहिलं, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंतींचं दुकान टाकलं आणि फळीवर चुन्याने एकच शब्द लिहिला: तुरंत. आलूबोंडा, भजे, मिरची, वर लाल तर्री, सगळं पळसाच्या पानावर. मागितल्यापासून हातात पडेपर्यंत कंडक्टरला दुसरी शिटी मारायला सवड मिळत नसे.

'तुरंत'मध्ये बसायला काही नव्हतं. लच्छूने दोन बाकांपुरतं लाकूड मिळावं म्हणून अर्ज केला होता. डेपोत त्या घडीला चौदा हजार ओंडके पडले होते, पण दोन बाकांची मंजुरी वरून यायची होती. अर्ज आधी नागपूरला गेला, राज्य बदललं म्हणून परत आला आणि मग दुसऱ्या वाटेने पुन्हा गेला. तोवर सगळी आलापल्ली उभी होती.

इथे आमच्या मुलखातलं एक शास्त्र सांगायला हवं. 'उभ्यानं खाल्लेलं आंगाले लागत नाई,' असं आमच्याकडची प्रत्येक माय सांगते. मांडी घालून, पानापुढे बसून खाल्लं तेच अंगी लागतं, बाकीचं वाया. शिवाय हा धानाचा मुलुख. भात पोटात गेला तर माणूस जेवला, नाही तर उपाशी. तेव्हा लच्छूच्या दुकानाचा नाकेदारांच्या पोटाशी काही संबंध असेल, अशी शंका यायचं कुणाला कारण नव्हतं. तिथे कुणी जेवत नसे. तिथे लोक नुसते उभे राहत.

नाकेदार तर खातही नसत. लच्छूचा नवा घाणा उतरला की तो कढईमागून ओरडे, "नाकेदारभाऊ, मीठ पाहा ना जरा!" मग दादाजी रस्ता ओलांडून जात, चार भजे तोंडात टाकून मीठ पाहत आणि "बरोबर आहे" असं सांगून परत येत. दोन वर्षांत मीठ एकदाही चुकलं नव्हतं. तरी ते प्रत्येक घाण्याला पाहत. माणूस कामाचा पक्का.

नोव्हेंबरात माझ्याकडे एक पत्र आलं आणि प्रकरण गंभीर झालं. काही बीटं मिळून होणाऱ्या राऊंडच्या फॉरेस्टरची जागा रिकामी होती, आणि राऊंड दादाजींच्या जुन्या बीटाचाच. नाकेदारांतून माणूस घ्यायचा होता. अट नवीन राज्याची: सोळा मैल, चार तासांत, पूर्ण गणवेशात चालून दाखवावे. वयाची मर्यादा पंचेचाळीस. दादाजींना चव्वेचाळीस पूर्ण झाली होती.

मी पत्र वाचून दाखवलं. दादाजींनी ते पुन्हा वाचायला लावलं.

"फारेस्टर झालो तं जंगल परत भेटते," ते म्हणाले. "नाई झालो तं पेन्शनीपर्यंत हा बांबू."

"सोळा मैल म्हणजे तुम्हाला काय, नाकेदारभाऊ!" मी म्हटलं.

"हाव. काहीच नाई," ते म्हणाले, आणि दुसऱ्याच सकाळी सराव म्हणून दोन मैलांवरच्या नागेपल्लीला निघाले. परत आले ते बैलगाडीतून, धानाच्या तणसावर उताणे. गाडीवानाने त्यांना नाक्याशी उतरवलं तेव्हा बैलांनी सुटकेचा श्वास सोडला, असं लच्छू सांगे. लच्छूला बैलांचं बरंच कळायचं.

दादाजींची बायको अन्नपूर्णाबाई. नवरा भरू लागला तेव्हा आधी तिला अभिमान वाटला होता. माहेरी गेली की बाया म्हणत, "काय तब्येत झाली वं तुह्या मानसाची!" आमच्याकडे वजनाला तब्येत म्हणतात. पत्र आलं तेव्हा तिला पहिल्यांदा प्रश्न पडला, की ही तब्येत येते कुठून?

ती विचार करणारी बाई होती. तिने आधी नवऱ्याचा भात निम्मा केला. नवरा वाढला. मग तिला वाटलं, आपलं उलटं होत असेल. तिने भात दुप्पट केला. नवरा तरीही वाढला. ती त्यांना घेऊन दवाखान्यात गेली. दवाखान्यात डॉक्टर महिन्यातून दोनदा येत. बाकीचे अठ्ठावीस दिवस लटारू कंपाउंडर डॉक्टर असे.

"किती वेळा जेवता, नाकेदारभाऊ?" लटारूने विचारलं.

"दोनदा. सकाळी अन् संध्याकाळी."

"मधात काही?"

"चहा."

"चहासंगं?"

"चहासंगं बशी."

लटारूने जीभ पाहिली, डोळे पाहिले, पोटावर बोटं वाजवली. पोट भरीव वाजलं. "जंत असतीन," तो म्हणाला आणि जंताचं औषध दिलं. दहा दिवसांनी दादाजींच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. लटारूने त्याचीही उपपत्ती दिली. आधी जे जंतांना जात होतं, ते आता नाकेदारांना मिळू लागलं.

मग विहिरीचं पाणी तपासलं. ते पाणी पिणारे बाकीचे काटकुळे निघाले. मग कुणी म्हणालं, सावलीत उभं राहिल्याने माणूस भरतो. दादाजी आठ दिवस उन्हात उभे राहिले. काळे झाले, आणि भरले.

एवढ्या सगळ्यात ज्याला खरोखर चैन पडत नव्हती तो म्हणजे वारलू. वारलू डेपोतला मोजदार, जंगलातल्या गोंड पाड्यावरचा. ओंडक्यांची गोलाई मोजायची हे त्याचं काम. हातात फीत आणि डोळ्यांत प्रश्न, असा तो दिवसभर थप्प्यांमधून हिंडे. झाड किती आहे हे मोजून त्याचं भागत नसे; ते तेवढं का आहे, हेही त्याला हवं असे.

"बाबू," तो मला म्हणाला, "कोनतंच झाड उगाच भरत नाई. खाली पानी असते, नाई तं बाजूचं झाड पडलं असते. नाकेदाराच्या खाली काय आहे?"

"मोजून तर पाहा आधी," मी म्हटलं.

खात्याच्या नियमाप्रमाणे उभ्या झाडाची गोलाई जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजतात. वारलूने नाकेदारांना खांबाजवळ उभं केलं आणि साडेचार फुटांवर फीत लावली. ती छातीवर आली. छाती ठीक होती. पोट साडेतीन फुटांवर होतं. नियमात बसत नव्हतं.

"नियमानं तं नाकेदार बारीक आहे," वारलू म्हणाला.

"मी तेच म्हणून राह्यलो!" दादाजी म्हणाले.

मग वारलूने नियम सोडून फीत खाली सरकवली. सेहेचाळीस इंच. त्या साली आमच्याकडे अठ्ठेचाळीस इंचांच्या वरच्या सागावर तोडीचा हातोडा पडायचा. वारलूने ही गोष्ट बोलून दाखवली नाही. नुसती फीत गुंडाळली आणि दादाजींकडे मायेने पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने माग काढायला घेतला. अस्वलाचा काढतात तसा. धुळीत नाकेदारांच्या बुटांची टाच खोल उमटे, त्यामुळे अवघड काही नव्हतं. माग नाक्यावरून निघे, रस्ता ओलांडे, 'तुरंत'च्या मागच्या तट्ट्याशी जाई आणि तसाच परत येई. वारलू दिवसभर एका ओंडक्यावर बसून पाहत राहिला. संध्याकाळी तो तट्ट्यामागे गेला आणि टोपली भरून काहीतरी घेऊन आला.

सकाळी त्याने आम्हा सगळ्यांना नाक्यावर बोलावलं. अन्नपूर्णाबाई आली, लटारू आला, झारा हातात घेऊन लच्छूही आला. वारलूने टोपली पालथी केली. पळसाची तेलकट पानं. प्रत्येक पान चौघडी करून काडीने टाचलेलं.

दादाजींचा चेहरा उतरला. ही सवय त्यांची एकट्याची. बीटावर असताना एकदा तेलकट पानाच्या वासाने त्यांच्या झोपडीत अस्वल आलं होतं. तेव्हापासून ते खाल्लेलं पान असं मिटून टाकत. बाकीचे सगळे नुसतं भिरकावतात.

"सत्तावीस," वारलू म्हणाला. "कालचे."

"हे माहेच आहे," दादाजी म्हणाले. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "पन मी जेवलो नाई. मीठ पाह्यलो."

"सत्तावीस पानं मीठ?" अन्नपूर्णाबाई म्हणाली.

"घाने किती होते ते लच्छूले विचार. अन् कंपाउंडरनं विचारलं होतं, किती वेळा जेवता. मी दोनदा म्हनलो. खोटं बोललो का?"

"नाई," लटारू म्हणाला. त्याचा आवाज जरा खाली आला होता. तोही संध्याकाळी 'तुरंत'वर उभा असे.

"अन् मुख्य गोष्ट," दादाजींनी छाती पुढे काढली, म्हणजे पोट पुढे आलं, "मी सारं उभ्यानं खाल्लो. एक भजाही बसून खाल्लो असन तं सांगा. उभ्यानं खाल्लेलं आंगाले लागते का?"

आपापली माय सगळ्यांना आठवली. लटारूने मान हलवली. औषधांच्या पुस्तकात याविरुद्ध काही लिहिलेलं त्याला आठवेना. मीही रोज सहा भजे उभ्याने खात होतो आणि माझा पट्टा का आवळतो हे मला कळत नव्हतं. मी माझ्या पट्ट्याकडे पाहिलं. लच्छूने माझ्याकडे पाहिलं.

"माह्या मायनं सांगतलं तेच सांगतो," अन्नपूर्णाबाई सावकाश म्हणाली. "आंगाले लागत नाई म्हने ती. पोटाले लागत नाई, असं नाई म्हनली कधी."

"पोट आंगातच येते ना वं?"

"तुमचं आंगाच्या भाईर आलं आहे."

लच्छू मध्ये पडला. "बाई, माह्या तेलाले दोष नोका देऊ. ताजं जवसाचं तेल आहे. माजरीले दोनशे मानसं खात होते, एकबी फुगला नाई."

"ते भज्यांवर खाणीत उतरत होते," मी म्हटलं. "हे बांबूवर हात ठेवत होते."

वारलू इतका वेळ पानांकडे पाहत होता. "एक गोष्ट विचारू का, नाकेदारभाऊ?"

"विचार."

"म्हैस मांडी घालून जेवते का?"

दादाजींनी पट्टा वर ओढला.

"अस्वल मोहफूल खाते, चार पायावर उभं राहून खाते. दोन महिन्यांत ढब्बू होते. रानडुक्कर चालता चालता खाते. बसून खानारा जंगलात मी कोनी पाह्यला नाई. मंग ते भरते कसे?"

दादाजींनी लटारूकडे पाहिलं. लटारूने डोळ्यांनी नकार दिला.

"हिल्ले," वारलू म्हणाला. गोंडीत हिल्ले म्हणजे नाही. वाद संपला की तो गोंडीत बोले.

नाकेदार खांबाला टेकले. एकोणीस वर्षांचं चालणं आणि आयांच्या कितीतरी पिढ्यांचं शास्त्र त्या सत्तावीस पानांत गेलं होतं. सहा आठवड्यांवर परीक्षा होती. ते म्हणाले, "मंग आता काय करू? भज्याचा वास आला का पाय आपल्या मनानं जाते."

लटारू म्हणाला, भजे बंद. लच्छू म्हणाला, मग मीठ कोण पाहणार. पण अन्नपूर्णाबाईला उपाय सुचला होता, आणि तो तिने शास्त्र न मोडता सांगितला.

"खा," ती म्हणाली. "पाह्यजे तितकं खा. मी नाई म्हनत नाई. पन बसून खा. माय म्हनते तसं. बूट काढून, पट्ट्या सोडून, पाय धुवून, पान मांडून, मांडी घालून. एक भजा असो का दहा. उभ्यानं एकबी नाई. घ्या शपथ."

"कोनाची?"

"जंगलाची."

दादाजींनी शपथ घेतली. ती घेताना त्यांना फार काही वाटलं नाही. पहिला घाणा उतरला तेव्हा वाटलं.

ज्यांनी ती जुनी खाकी पाहिली नाही त्यांना सांगतो. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कापडी पट्टी गुंडाळलेली असे, प्रत्येक पायाला तीन वार. ती सोडायची म्हणजे वेटोळं सोडवत जायचं, परत बांधायची म्हणजे एकेक घडी आवळत वर यायचं. बूट वेगळे. आणि पोटावरून वाकून हे सगळं करायचं. लच्छूने हाक दिली, "मीठ पाहा ना, नाकेदारभाऊ!" दादाजी रस्ता ओलांडून गेले, जमिनीवर बसले आणि डाव्या पायाची पट्टी सोडू लागले. उजवी सुटेपर्यंत भजे गार झाले होते. पाय धुऊन मांडी घालायला गेले, तर मांडी येईना. त्यांनी दोन भजे खाल्ले, पुन्हा पट्ट्या बांधल्या, तोवर ट्रक येऊन भोंगा वाजवत उभा होता.

दुसऱ्या घाण्याला ते गेले. तिसऱ्याला रस्त्याच्या मध्यापर्यंत गेले, खाली आपल्या पायांकडे पाहिलं आणि परत आले.

"काऊन, नाकेदारभाऊ?" लच्छू ओरडला.

"मीठ बरोबर असन," ते म्हणाले.

पहाटे ते चालायला लागले. आधी नागेपल्लीपर्यंत, मग पुढे. वारलू दर सोमवारी फीत लावी. सेहेचाळीस, पंचेचाळीस, साडेत्रेचाळीस. झाड उलटं वाढताना त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं आणि तो ते पाड्यावर जाऊन सांगे. पाड्यावर कुणी विश्वास ठेवत नसे. लच्छू मात्र कष्टी होता. त्याच्या म्हणण्यानुसार नाकेदार येईनासे झाल्यापासून मीठ खरोखरच चुकायला लागलं होतं.

जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी परीक्षेचे साहेब आले. नवे, वरचे, हातात घड्याळ आणि सोबत सायकल. नियम सोपा होता. सकाळी सहाच्या टोल्याला नाक्यावरून निघायचं, चांद्याच्या रस्त्याने आठव्या मैलाचा दगड गाठायचा, दगडाला हात लावायचा आणि दहाच्या आत परत यायचं. साहेब मागून सायकलने येणार. वेळ साहेबांच्या घड्याळाची.

डेपोतल्या लोखंडी पट्टीवर सहा टोले पडले आणि दादाजी निघाले. थंडी अशी होती, की त्यांच्या तोंडची वाफ खांबापाशीच राहिली. निघण्याआधी अन्नपूर्णाबाईने त्यांच्या पट्ट्यांची शेवटची गाठ स्वतःच्या हाताने आवळली होती.

आठव्या मैलावर काय झालं ते मला लच्छूकडून कळलं. साहेब येणार म्हणून त्याने आदल्या दिवशीच तिथे दगडांची चूल मांडली होती. मानाची गोष्ट होती ती, आणि शिवाय मोटारीही तिथूनच जात. दादाजी दगडापाशी आले तेव्हा आठला दोन मिनिटं कमी होती. तोंड लाल, सदरा पाठीला चिकटलेला. लच्छूने नुकताच घाणा काढला होता. त्याने पान पुढे केलं.

"भाऊ, एकच घे. ताकत येईन. आज तं उभ्यानंच खा, कोन पाहून राह्यलं?"

दादाजींनी दगडाला हात लावला. पानाकडे पाहिलं. मग खाली आपल्या पट्ट्यांकडे पाहिलं.

"सोडाव्या लागतीन," ते म्हणाले आणि फिरले.

लच्छू पान हातात घेऊन उभा राहिला. इतक्यात सायकलची घंटी वाजली.

इकडे नाक्यावर आम्ही रस्त्याकडे डोळे लावून होतो. साडेनऊ झाले. पावणेदहा झाले. वारलू रस्त्यावर कान टेकवून पडला होता. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "येऊन राह्यला. टाच हलकी पडून राह्यली." वळणावर खाकी दिसली. दादाजी धावत नव्हते, चालत होते, आणि त्यांचा चेहरा पेंगुळलेल्या माणसासारखा झाला होता. बीटावर असताना तो तसाच असायचा, असं अन्नपूर्णाबाई म्हणाली. ते नाक्याच्या बांबूखालून आत आले. बांबू वर करावा लागला नाही, ते वाकले. त्यांनी खांबाला हात लावला आणि नंतर, माझ्या मोजणीने बारा श्वासांनी, डेपोत दहाचे टोले पडू लागले.

आम्ही ओरडणार होतो. पण कुणाला ओरडून दाखवायचं? साहेब कुठेच नव्हते.

साहेब आले तेव्हा माझ्या टेबलावरच्या घड्याळात दहा पंचवीस झाले होते. ते सायकल हातात धरून चालत आले. पट्टा एक भोक सैल केलेला होता.

"उमेदवार कुठे आहे?"

"इथी आहे, साहेब," दादाजी म्हणाले.

साहेबांनी घड्याळ काढलं. पाहिलं. परत पाहिलं. "दहा पंचवीस. नियमाप्रमाणे वेळ या घड्याळाची धरायची. या घड्याळाने तुम्हाला दहाच्या आत पाहिलेलं नाही."

"आम्ही सगळ्यांनी पाहिलं, साहेब," मी म्हटलं.

"तुम्ही घड्याळ नाही." हे खरं होतं. "आणि वाटेत मी काही खायलाबियला थांबलो नव्हतो."

असं कुणी म्हटलंच नव्हतं. आम्ही सगळे साहेबांकडे पाहू लागलो. वारलू एक पाऊल पुढे गेला. त्याला नेहमीप्रमाणे कुतूहल वाटलं होतं.

"साहेब, मिशीले बेसन आहे," तो म्हणाला.

साहेबांनी मिशी पुसली. कुणी हसलं नाही. अन्नपूर्णाबाईने पदर तोंडाला लावला, पण ते उन्हामुळे असेल. साहेबांच्या हातात कागद होता आणि कागदावर दोन रकाने: निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ. दहा पंचवीस लिहिलं तर पंचवीस मिनिटं साहेब कुठे होते हेही कुणी तरी कधी तरी विचारणार. दहाच्या आत लिहिलं तर घड्याळ खोटं. साहेब कागदाकडे पाहत राहिले. दादाजी साहेबांकडे पाहत राहिले. त्यांचं सारं जंगल त्या रिकाम्या रकान्यात होतं.

मग दादाजींनी घसा साफ केला.

"साहेब, एक विचारू का?"

"विचारा."

"लच्छूकडे बसून खाल्लं का उभ्यानं?"

"तिथे बसायला आहे काय?" साहेब चिडून म्हणाले. "उभ्यानेच."

"मंग झालं," दादाजी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा अगदी सरळ होता. "आमच्या इकडे उभ्यानं खाल्लेलं धरत नाई. खाल्लंच नाई, तं थांबले कायले असान? थांबलेच नाई, तं माह्या मागंच होते. माह्या मागंच होते, तं मी आलो तवाच आले."

साहेबांनी हे मनातल्या मनात दोनदा तपासलं. त्यात त्यांना चूक सापडली नाही, किंवा सापडायला नको होती. त्यांनी पेन काढलं आणि दुसऱ्या रकान्यात लिहिलं: नऊ एकोणसाठ. सही केली. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली.

"तुमच्या आईही असंच म्हणायच्या का, साहेब?" मी विचारलं.

"सगळ्यांच्याच आया म्हणतात," साहेब म्हणाले. मग जरा मोकळे झाले. मागून मोटारीतून उतरून, कढई डोक्यावर घेऊन लच्छू येऊन पोचला होता, त्याच्याकडे वळले. "तुमच्या बाकांच्या अर्जाबद्दल ऐकलं. मी लक्ष घालतो. महिन्याभरात मंजुरी."

लच्छूने घाईघाईने कढई खाली ठेवली आणि हात जोडले.

"नोका, साहेब! बाक नोका. लोक बसले तं खाल्लं म्हनतीन!"

दादाजी तोवर खांबाशी खाली बसले होते आणि डाव्या पायाची पट्टी सोडत होते. लच्छूने कढईतलं उरलेलं पान त्यांच्यापुढे मांडलं. गार झालेले चार भजे. अन्नपूर्णाबाईने पाय धुवायला पाणी आणलं. मांडी या वेळी आली.

साहेब सायकलवर चढायला वळले तेव्हा वारलू त्यांच्या मागे उभा होता. त्याने खिशातून फीत काढली आणि अदबीने विचारलं, "साहेब, तुमची गोलाई घेऊन ठेवू का? आताची. मंग पुढच्या साली पाहू."